दहाचा पीळ

२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा निरोप फोनवर वाचला. ‘ताई, खारूची नळी बाराची निघाली गं, दहाची नाही. रागावू नकोस हं.’ आणि खाली एक पिवळा हसरा चेहरा. आपल्या वयाच्या बाईने पिवळे चेहरे पाठवू नयेत, पण तो वेगळा विषय.

फोन मी करणार नाही. फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की समोरचा आपला मुद्दा विसरतो. बाबांचं हेच व्हायचं. कागदावर हसता येत नाही, म्हणून पत्र.

मुद्दा असा. रायफलच्या त्या नळीतल्या खाचा मी स्वतः ओढल्या आहेत. बाबांच्याच यंत्रावर. त्या यंत्राची पट्टी दहावर बसवलेली आहे आणि ती मी कधी हलवलेली नाही. हलवायची तर चार बोल्ट सोडावे लागतात, त्यातले दोन गंजून जागीच बसलेत. तेव्हा त्या यंत्रातून बाराची नळी बाहेर येणं म्हणजे कोंबडीने बदकाचं अंडं घालण्यासारखं आहे. दहा इंचांत एक पुरा फेरा. खारूची ती लांब, जड गोळी एवढ्या पिळाशिवाय हवेत नीट फिरत नाही, डगमगते, हे मला ठाऊक नसतं तर मी एवढी वर्षं या दुकानात काय भोपळे विकत होते?

तू मोजलंस कसं, ते आधी कळव. तुला रीत माहीत आहे, तरी लिहिते, कारण माहीत असलेली गोष्ट तू करतेसच असं नाही. रायफल पक्की बांधायची. सफाईच्या गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. फिरत नसेल तर गज पिळाबरोबर वळणारच नाही. गजाच्या टोकाला चिंधी लावायची ती घट्ट. अशी घट्ट, की ढकलताना दम लागला पाहिजे. चिंधी खाचांत रुतली की गजाच्या अंगावर वरच्या बाजूला एक खूण करायची, आणि नळीच्या तोंडाशी गज जिथे आत जातो तिथे दुसरी. मग सावकाश ढकलायचं. वरची खूण फिरून पुन्हा वर आली, की थांबायचं, तोंडाशी परत खूण करायची, आणि दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. एवढंच. यात बारा कुठून आले?

खारूने परवा फोटो पाठवला. अंगात तुझं जुनं नेमबाजीचं जाकीट आहे. मी तिच्या मापाने नवं शिवून घेतलं होतं. तिचे खांदे तुझ्याहून रुंद आहेत, काखेत ओढ बसते, फोटोतसुद्धा दिसतंय. आणि केस कापलेत. मला कुणी कळवलं नाही. तुझ्यासारखे कापलेत.

दीड वर्षापूर्वी तू दोन दिवसांसाठी आलीस, रेंजवर तिला नेम धरताना पाहिलंस आणि म्हणालीस, ‘ताई, हिला माझ्याकडे दे, मी हिचं काहीतरी करते.’ जसं काही तोवर आईकडे, माझ्याकडे, तिचं काहीच झालं नव्हतं. आणि ती कार्टी त्याच रात्री बॅग भरून तयार. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं असं रोज वाटतं.

उलट टपाली उत्तर दे. कागदावर.

— मोठी


१३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. पत्र तुझं, अक्षर खारूचं. म्हणजे आता ती तुझी कारकूनही झाली. तुला लिहायचा कंटाळा पहिल्यापासूनच. शाळेचे निबंध मी लिहायचे, शाबासकी तुला. पण माझ्याच पोरीच्या हातून मला टोमणे लिहून घ्यावेस? ‘ताईला म्हणावं, तिचा ताठा मोजायला घेतला तर बारा इंच पुरायचे नाहीत.’ आणि तिने ते लिहिलं! वर उद्गारचिन्हही दिलं. मला पत्र लिहिताना ती कधी उद्गारचिन्ह देत नाही. मला पत्र लिहीतच नाही.

आता तुझे आकडे. पहिल्यांदा सव्वाअकरा, दुसऱ्यांदा बारा, तिसऱ्यांदा साडेअकरा. बाई, एका नळीला तीन पीळ असतात का? तिन्ही वेळा बारा आले असते, तर मी यंत्राकडे जाऊन बोल्ट तपासले असते. दर वेळी वेगळा आकडा येतो तेव्हा चूक नळीत नसते, मोजण्यात असते. तुझी चिंधी ढिली होती. ढिली चिंधी खाचांना धरून वळत नाही, वरून घसरते. मग गज पुढे जातो पण फेरा मागे राहतो, आणि आकडा फुगतो. चिंधी घसरली की आकडा मोठाच येतो, लहान कधीच येत नाही. तुझे तिन्ही आकडे दहाच्या वर आहेत. यावर मी आणखी काय बोलू?

तू म्हणतेस, आकडे जाऊ देत, पण गोळ्या पसरतात हे तर खरं. पूर्वी दहा गोळ्यांचा पुंजका बशीत मावायचा, आता परातीत मावत नाही. मान्य. पण त्याला शंभर कारणं असतात. तू त्यातलं नेमकं तेच उचललंस, ज्यात दोष माझा.

आणि खरी गोष्ट तर तू शेवटच्या ओळीत सांगितलीस, आजारी माणसाला बातमी द्यावी तशी हळूच. एप्रिलच्या निवड चाचणीसाठी खारूला कारखान्यातली नवी नळी मागवतेस. ‘ताईने मनाला लावून घेऊ नये.’

मी मनाला लावून घेतलं आहे.

तिने पहिल्यांदा नेम धरला तो माझ्या नळीवर. तिचे वडील गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी लेथवर काम करायचे आणि ती खाली बसून लोखंडाचा भुसा चुंबकाने गोळा करायची. ती देशाच्या संघासाठी उभी राहील तेव्हा तिच्या गालाला टेकलेलं लोखंड माझ्या हातचं असेल, एवढी एकच गोष्ट मला हवी आहे. बाकीचं सगळं तू घेतलंस. तिचा सराव तुझा, तिची सकाळ तुझी. परवा फोनवर बोलताना ‘चला, उरकू या’ म्हणाली, तेसुद्धा तुझंच.

म्हणून हे लिहिते, नीट वाच. नळी उतरवून माझ्याकडे पाठव, परवान्याच्या कागदांसकट. ज्या चिंध्या वापरल्यास त्याही पाठव. मी मोजते. बारा भरली, तर मी तुझी जाहीर माफी मागेन, तू म्हणशील ती नळी घे, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण दहा भरली, तर खारू घरी येईल. कायमची. इथल्या रेंजवर सराव करेल, माझ्या नळीवर खेळेल. जिला साधी चिंधी घट्ट बसवता येत नाही, तिच्या हाताखाली माझी मुलगी शिकणार नाही.

कबूल असेल तर कळव. आणि नळी खारूच्या हातीच पाठव.

— मोठी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

‘कबूल.’ एवढंच लिहिलंस. तेही तिच्या अक्षरात. ती स्वतःबद्दलचा सौदा स्वतःच लिहिते, आणि तिचा हात थरथरत नाही! काय शिकवतेस तरी काय तिला.

नळी मिळाली. खारूच्या हाती नाही, कुरिअरच्या पोऱ्याच्या हाती. त्याने ती दारात उभी करून ठेवली, छत्री ठेवावी तशी. बांधणी मात्र खारूची. तिच्या गाठी मला ओळखू येतात. दोन वेढे घेऊन टोक आत दडपते. मी शिकवलेली गाठ आहे. कापताना जिवावर आलं, सोडवत बसले.

मोजलेली नाही अजून. मोजणार ती खारूसमोरच. नाहीतर उद्या तुम्ही दोघी म्हणाल, ताईने आकडा घरी बसून बनवला. तिला पाठव. नळी परत न्यायला कुणीतरी लागेलच, आणि या खेपेस मी कुरिअर करणार नाही.

पण दोन गोष्टी न मोजताही दिसल्या.

पहिली. नळीच्या तोंडाची कड दुखावली आहे. भिंगाखाली धरली तर एका बाजूला नखाच्या टोकाएवढा चेप स्पष्ट दिसतो, त्यात सिमेंटचे कण आहेत. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला होतो. तिथे चेप असेल तर गोळी सुटता सुटता ढकलली जाते. परातीएवढा पुंजका तो यामुळे. पिळाचा काही संबंध नाही. रायफल कुणीतरी तोंडावर पाडली आहे.

मी खारूला फोन केला. ‘कुणी पाडली?’

‘मी पाडली.’

‘कशी?’

‘हातातून सटकली, आई. माणसांच्या हातून पडतात वस्तू.’

माणसांच्या पडत असतील. तिच्या पडत नाहीत. ती सात वर्षांची असताना तिच्या हातात भरलेली बशी देऊन मी तिला जिना चढायला लावायचे, थेंब सांडायचा नाही. बाबांनी मला तसंच शिकवलं होतं. (तुला नव्हतं शिकवलं. तुझी बशी सांडली की ते हसायचे.) ती पोरगी रायफल पाडत नाही. खोटं बोलतेय, आणि तुझ्यासाठी बोलतेय.

पाडलीस तू. कशी ते मला माहीत नाही. टेकवून ठेवली असशील कुठेतरी भिंतीला, गप्पा मारता मारता, नेहमीसारखी. त्याचा मला राग नाही. राग याचा, की तुझी चूक झाकायला माझी मुलगी माझ्याशी खोटं बोलली. अडखळलीसुद्धा नाही. ती माझ्यासाठी कधी खोटं बोललेली मला आठवत नाही. बँकेतल्या माणसाला ‘आई घरात नाही’ म्हणून सांग म्हटलं होतं, तर म्हणाली, ‘आई आत आहे, पण ती नाही म्हणतेय.’

दुसरी गोष्ट चिंध्यांची. पाकिटातून काढल्या आणि मला हसू आलं, मग हसू गेलं. एवढ्याशा? विरलेल्या, नखभर कापडाच्या? या तर नळीतून फुंकर मारली तरी जातील. तू पदकं मिळवलेली बाई आहेस. लहान मुलालाही कळेल की ही चिंधी खाचा धरणार नाही. तुला कळलं नाही? की तुला बाराच हवे होते? कारखान्याची नळी आणायला निमित्त हवं होतं?

दुसरं काही कारण मला तरी सुचत नाही.

खारूला पाठव.

— मोठी


९ मार्च

धाकटे,

खारू आली, आणि आज सकाळी गेली. हे पत्र तुला जाणार नाही. मी तिला शब्द दिला आहे. पण महिनाभर मी तुझ्याशी कागदावर बोलते आहे, आणि आता दुसरीकडे कुठे बोलायची सवय राहिलेली नाही. लिहीन आणि भट्टीत टाकीन.

ती परवा दुपारी आली. दारातच म्हटलं, ‘चल, नळी बांधून ठेवली आहे.’

‘आई, आधी पाणी दे, मग कोर्ट भरव.’

पाणी दिलं. जेवलीस का, तेही विचारलं. मग दुकानात नेलं. नळी व्हाइसच्या जबड्यात, लाकडी ठोकळ्यांत धरून ठेवली होती. चिंधी माझी, जाड, दुपदरी. म्हटलं, ‘ढकल तूच. नंतर तक्रार नको.’ तिने बाह्या सारल्या, खांदा लावला आणि गज आत घातला. किती सहज घातला! पाय कसे रोवायचे, अंग कुठे वळवायचं, सगळं माझं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मला दिसलं. मनात म्हटलं, बघ धाकटे, हे तुझं नाही.

खूण फिरून वर आली. पट्टी तिनेच लावली. ‘दहा,’ म्हणाली. पुन्हा केलं. दहा. तिसऱ्यांदा केसभर जास्त, म्हणजे दहाच.

‘झालं?’ मी म्हटलं. ‘आता सामान कधी आणतेस?’

‘कसलं सामान?’

‘तुझं. मावशीने कबूल केलंय. दहा निघाली तर तू घरी.’

‘मावशीने कबूल केलंय ना? मग मावशीलाच आण.’

‘खारू, थट्टा करू नकोस. तूच तर लिहिलंस ते कबूल.’

‘लिहिलं. मला सगळंच लिहावं लागतं.’ तिने गज पुसला, जागेवर ठेवला. ‘सौदा तुम्ही दोघींनी केलात. मला कुणी विचारलं? मी काय नळी आहे, कागद लावून पार्सल करायला?’

मी म्हटलं, ‘जी बाई रायफल पाडते, चिंध्या अशा वापरते, मोजायला चुकते, तिच्याकडे राहून तुझं काय भलं होणार? आणि वर तू तिच्यासाठी माझ्याशी खोटं बोलतेस!’ आणि त्या चिंध्यांचं पाकीट मी तिच्यासमोर उपडं केलं.

ती त्या चिंध्यांकडे बघत राहिली. ‘या पाठवायला नको होत्या,’ म्हणाली. ‘बदलून तुझ्यासारख्या घालणार होते. राहून गेलं.’

‘म्हणजे?’

‘आई, मोठी चिंधी तिला ढकलता येत नाही.’

मला कळायला वेळ लागला. भौतिकशास्त्राची पदवी आहे माझी, आणि ढकलता येत नाही म्हणजे काय हे मला कळेना.

‘सकाळी तिची बोटं मिटत नाहीत. दहा-अकरा वाजेपर्यंत तर नाहीच. सांधे सुजतात. कप दोन हातांनी धरते. पेन धरलं की चार ओळींत हात सोडून देतो, म्हणून तुझी पत्रं मी लिहिते. सांगते, कंटाळा आला, चष्मा सापडत नाही, वाट्टेल ते. डॉक्टरकडे जाते आणि मला सांगते, बँकेत जाते. एवढी बँकेत जाणारी बाई श्रीमंत असायला हवी.’

‘आणि रायफल?’

‘स्टँडवरून उचलायला गेली. मी बाजूलाच होते. आवाज झाल्या झाल्या म्हटलं, माझं कोपर लागलं. तिने मला अशी झापली, आई! अर्धा तास. शिस्त नाही, लक्ष नाही, आईने हेच शिकवलं का.’ आणि खारू हसली. तुझ्यासारखीच हसली.

‘तिला माहीत आहे का, की तुला माहीत आहे?’

‘नाही. आणि तू सांगायचं नाहीस. कळलं तर ती मला उद्याच बॅग देऊन पाठवेल. म्हणेल, लुळ्या बाईकडे काय शिकणार. तिचे डोळे लुळे नाहीत ना! माझा श्वास चुकतो ते तिला वीस पावलांवरून कळतं. तुला नाही कळत.’

ते खरं आहे. मला नाही कळत.

मग ती बोलतच सुटली. बरण्यांची झाकणं ती मुद्दाम सैल ठेवते. नळ पुरता बंद करत नाही. तुझ्या बुटांना बंद होते, ते ‘फॅशन गेली’ म्हणून काढायला लावले. जाकीटही त्यातलंच. तुझ्या जाकिटाची बटणं तुला लावता येईनात, पण तुला ते टाकवत नव्हतं, म्हणून तिने हट्ट केला की मलाच हवं. ‘मावशीला वाटतं मी धांदरट आहे. वाटू दे.’

झाकणं. माझ्याकडे असताना एकदा तिने तेलाच्या डब्याचं झाकण सैल ठेवलं, तर तो आख्खा दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला तेव्हा तुझी दया आली नाही. ती नंतर आली, खारू गेल्यावर, आणि अजून आहे. पण तेव्हा, दुकानात, चिंध्या समोर पडलेल्या असताना, मला हेवा वाटला. तुझ्या दुखण्याचा हेवा. माझी बोटं शाबूत आहेत. मी गंजलेला नट हाताने फिरवते. मी आजवर कुणालाही माझी बरणी उघडू दिलेली नाही, आणि आता कुणी उघडायला येत नाही. तू कधी कुणाची मदत मागत नव्हतीस, तरी लोक धावायचे. आता तर तू लपवतेस आणि तरी ती धावते. ती पोर, जिला मी बशी घेऊन जिना चढायला शिकवलं, ती तुझ्या घरात दिवसभर नळ सैल ठेवत फिरते.

मी म्हटलं, ‘मला असं काही झालं तर?’

हे विचारू नये एवढं मला कळतं. तरी विचारलं.

ती म्हणाली, ‘तुला झालं तर तू मला सांगशील, आई. एका ओळीत. वर तारीख घालून.’

यात माझं कौतुक होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नळीच्या तोंडाची कड मी तिच्यासमोरच लेथवर नव्याने उतरवली. आज सकाळी निघण्याआधी रेंजवर जाऊन इथल्या क्लबच्या रायफलला नळी बसवून तिने दहा गोळ्या मारल्या. पुंजका बशीत नाही, वाटीत मावला.  लक्ष्याचा कागद तिने घडी घालून खिशात ठेवला. तुला दाखवायला असेल.

नळी तिने नेली नाही. मीच दिली नाही. म्हटलं, अजून थोडं काम आहे. काम काही नाही.

तिला शब्द दिला की तुला कळू देणार नाही. आता तुला काय लिहायचं ते ठरवायचं आहे. सौदा मी जिंकले आहे. जिंकलेलं सोडायचं आणि तेही तुला संशय न येता, हे मला कधी करावं लागलेलं नाही. तू असतीस तर हसून वेळ मारून नेली असतीस.

भट्टी पेटली आहे. पुरे.


११ मार्च

धाकटे,

नळी दहाची आहे. खारूने स्वतः तीन वेळा मोजली, तिला विचार. तू हरलीस.

पुंजका पसरत होता तो कडेच्या चेपामुळे. कड नवी केली, गोळ्या मारून पाहिल्या, आता उत्तम आहे. कारखान्याच्या नळीची मागणी रद्द कर. चाचणीला ती माझ्याच नळीवर खेळेल, हा भाग पक्का आणि त्यावर वाद नको.

रायफल पाडल्याबद्दल मी मागच्या पत्रात तुला बोलले, ते मागे घेते. खारूच्याच हातून पडली. मी खोदून विचारलं, तेव्हा कबूल झाली. तू झापलंस म्हणे, बरं केलंस.

चिंध्यांबद्दलही बोलले, तेही राहू दे. तुझ्याकडचं कापडच वाईट आहे. मी माझ्याकडच्या कापून पाठवते. इथून पुढे असं कर: गज खारूला ढकलू दे आणि तू आकडा बघ. ढकलणाऱ्याने आकडा बघू नये, मनासारखा दिसतो. बाबांचंही असंच असायचं, ढकलायची मी आणि बघायचे ते. नळीची सफाईही तिच्याकडे दे. तिला अंगमेहनतीची सवय राहिलेली नाही, दंड बारीक झालेत.

आता सौद्याचं. दहा निघाली तर ती घरी येणार होती. मी विचार केला. चाचणी तोंडावर आली असताना प्रशिक्षक बदलणं शहाणपणाचं नाही, हे एक. दुसरं म्हणजे, दोन दिवस ती इथे होती आणि माझा जीव मेटाकुटीला आला. तू तिला बिघडवून ठेवली आहेस. झाकणं सैल, नळ गळतोय, चमचे कुठेही. या वयात मला हे निस्तरणं होणार नाही. तूच बिघडवलीस, तूच सांभाळ. चाचणीनंतर पुन्हा बघू, असं म्हणून ठेवते, म्हणजे मी सोडून दिलं असं तुला वाटायला नको.

तिचा श्वास शेवटच्या गोळ्यांना चुकतो का? ती म्हणते तुला लांबून कळतं. कसं कळतं ते मला एकदा दाखव. मला शिकायचं आहे, आणि हे मी तुझ्याकडे मागते आहे याची नोंद घे, कारण पुन्हा मागणार नाही.

नळी कुरिअरने पाठवत नाही. मी स्वतः घेऊन येते, एकवीस तारखेला, दुपारच्या गाडीने. बसवून नेम जुळवायला अर्धा दिवस लागतो हे तुलाही माहीत आहे. मी आठवडाभर राहणार आहे. मला वेगळी खोली नको. सकाळी मी पाचला उठते, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात राहील. दहा-अकरापर्यंत तू तिकडे फिरकायचं नाहीस, मला कामात कुणी लुडबुडलेलं चालत नाही. तिथेही नाही. सोयीचं नाही असं लिहू नकोस. तिकीट काढलं आहे.

आणि मी येते आहे हे खारूला बोलू नकोस. याचं उत्तर तिच्याकडून लिहून घेऊ नकोस, उत्तरच देऊ नकोस. तुमच्या दोघींच्यात माझ्या माघारी पुष्कळ काही चालतं. हे एवढं एक तुझ्या-माझ्यात राहू दे.

— मोठी